वीणेची तार आणि शुचितेचा प्रश्न

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नाही, हा आपल्या सांप्रदायिकांचा जुना दंडक आहे. सात दिवस आणि सात रात्री ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारा संपलेला विणेकरी आणि पहाऱ्यावर येणारा विणेकरी एकमेकांच्या पाया पडतात, खांदा बदलतो, सूर चालू राहतो. टेंभुर्णीचेच पाहा: माढा तालुक्यातील हे गाव पुणे–सोलापूर हमरस्त्यावर वसलेले असून पंढरपूरची वाट येथूनच करकंबाकडे फुटते. उजनी धरणाच्या पाण्याने भोवतालचा मुलूख उसाचा झाला, कारखानदारी आली, रस्त्यावरची रहदारी रात्री-अपरात्रीही थांबेनाशी झाली, तरी सप्ताहाच्या मांडवातील हा पहारा पूर्वीच्याच शिस्तीने चालतो. आणि आषाढीच्या सुमारास नगर-करमाळ्याच्या बाजूने ज्या दिंड्या या परिसरात उतरतात, त्यांतही टाळकऱ्यांच्या रांगांमधून चालणाऱ्या विणेकऱ्याचा मान सर्वांत वरचा असतो. इतक्या आदराने ज्या वाद्याला वागवायचे, त्याला तार कशाची लावावी, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा कोणी करीत नाही.

हा विचार करण्याजोगा आहे, कारण त्याला दोन अंगे आहेत आणि ती दोन्ही धर्माच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात. एक अंग योग्यतेचे: कोणता पदार्थ सूर धरतो आणि कोणता सोडतो. दुसरे अंग शुचितेचे: ज्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ज्या मुखाला मांस वर्ज्य आहे, त्या गळ्यात अडकवलेल्या वीणेला जनावराच्या आतड्याची तात चालेल काय, आणि चालणार नसेल, तर शेजारीच उभ्या असलेल्या मृदंगावरचे बकऱ्याचे कातडे कोणत्या न्यायाने चालते? पहिल्या अंगाचा निकाल कानाने लागतो. दुसऱ्याचा निकाल लावण्याचे आपण आजवर टाळत आलो आहोत.

आधी वस्तुस्थिती पाहू. वारकऱ्याची वीणा ही तंबोऱ्याच्याच जातीची, परंतु आखूड दांडीची आणि खांद्यावरून अडकवून उभ्याने वाजवण्याजोगी असते. तिच्यावर बोटाने स्वर काढायचे नसतात. मोकळ्या तारा छेडीत राहायचे आणि त्या छेडण्याने भजनाला षड्जाचा आधार द्यायचा, एवढेच तिचे काम. तारा सामान्यतः चार: जोडीच्या पोलादी, खर्जाची पितळी, आणि उरलेली पंचमाला मिळवलेली. तार चढवण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. जाणता मनुष्य आधी तारेला फास देतो, तो भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या पट्टीत अडकवतो, तार मण्यातून ओवून घोडीवरून घेतो, वरच्या अटीतून खुंटीपर्यंत नेतो, आणि मग खुंटी एकदम न पिळता हळूहळू चढवतो. मध्ये थांबून तारेवर अंगठा दाबून ओढतो, म्हणजे जो ताण आज ना उद्या उतरायचा तो आताच उतरून जावा. सूर साधारण जुळला की घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवतो. धागा एका विवक्षित जागी आला की इतका वेळ मुकी वाटणारी तार एकाएकी खुलते आणि एका स्वराच्या पोटातून अनेक स्वर बाहेर पडू लागतात. हीच जवारी. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार जी घासत राहते, त्या घासण्यात हे रहस्य आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, तार ज्या जागी छेडली जाते त्या जागेमुळे जे उपस्वर पाश्चात्त्य नियमाप्रमाणे उमटू नयेत, तेही या घोडीवर उमटतात.

आता हे उमलणे सर्वच पदार्थांना साधत नाही. पोलाद कठीण आणि लवचीक असल्यामुळे त्याची सुमारे तीन दशांश मिलिमीटर जाडीची तारसुद्धा मोठा ताण सोसते आणि घोडीवर स्पष्ट बोलते. पितळ वजनाने पोलादाहून जड पण बळाने कमी, म्हणून ते खर्जाला शोभते. दिंडीत तार तुटली आणि जवळ दुसरी नसली, तर हाताला येईल ती तार, प्रसंगी विजेच्या दोरीतील तांब्याचा धागाही, लावून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. परंतु तांबे मऊ, ते ताणाखाली लांबत जाते, आणि अभंग संपण्याच्या आत सूर खाली आलेला असतो. जाड तार घेतली म्हणजे ती उंच सुराला टिकेल, ही समजूतही खरी नव्हे. जाडीबरोबर बळ वाढते तसे वजनही वाढते, आणि तार कोणत्या सुराला तुटणार हे तिच्या जाडीवर मुळीच अवलंबून नसून तिच्या लांबीवर आणि तिच्या द्रव्याच्या गुणावर ठरते. एखाद्या द्रव्याकडून त्याच्या अंगी नसलेले काम सक्तीने करून घेता येत नाही, हा निसर्गाचा कायदा आहे, आणि त्यात सूट मिळत नाही.

येथे एक हरकत घेतली जाईल, आणि ती घेणारे लोक श्रद्धाळू असल्यामुळे तिचा आदराने विचार केला पाहिजे. ते म्हणतात की देव भावाचा भुकेला आहे; तार पोलादाची की पितळेची, सूर चढा की उतरता, याची पंढरीनाथाला काय मातब्बरी? भावाचे महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु भाव म्हणजे काय, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. जो मनुष्य नैवेद्याचे तांदूळ निवडून घेतो, गंध स्वतः उगाळतो, तुळशीचे पान किडलेले नाही ना हे पाहून मंजिरी वाहतो, तो हे सर्व भावामुळेच करतो. आणि तोच मनुष्य ज्या नादाच्या आधारावर सारे भजन उभे राहायचे, त्या नादाच्या बाबतीत हाताला येईल ती तार लावतो, तेव्हा तेथे भाव अधिक आहे असे नसून लक्ष कमी आहे, एवढेच म्हणता येईल. हयगयीला भक्तीचे नाव दिल्याने ती भक्ती होत नाही. आपल्या पूर्वसूरींनी नादाला ब्रह्म म्हटले ते अलंकार म्हणून म्हटलेले नाही. आणि ज्यांनी तसे म्हटले, त्यांनी तार कशाची असावी हेही तितक्याच गांभीर्याने लिहून ठेवले आहे.

महाव्रत नावाच्या वैदिक यागात वाण नावाचे शंभर तारांचे वाद्य वाजवले जात असे. श्रौतसूत्रांत त्याची घडण सांगितली आहे: अंग औदुंबराच्या लाकडाचे, त्यावर तांबड्या बैलाचे कातडे, आणि तारा मुंज गवताच्या. एकाच यज्ञीय वाद्यावर गवत आणि कातडे शेजारी-शेजारी नांदत होते, आणि तेथे त्यांपैकी कोणीही दुसऱ्याला विटाळीत नव्हते. ऐतरेय आरण्यकाने तर याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. मनुष्याचे शरीर हीच देवांनी केलेली वीणा, आणि लाकडाची वीणा ही तिची मनुष्याने केलेली नक्कल, असे सांगून त्या आरण्यकाने एकीचे मस्तक ते दुसरीचे मस्तक, एकीचे उदर ते दुसरीचे उदर, अशी अवयवांची जुळणी मांडली आहे. मूळ वीणा जर मांसाची आणि स्नायूंची आहे, तर तिच्या प्रतिकृतीत त्याच द्रव्याचा तंतू आल्याने ती हीन कशी ठरेल, हा प्रश्न त्या ऋषींनी विचारलेला नाही. बहुधा त्यांच्या मनात तो उद्भवलाच नसावा.

परंतु या विषयातील सर्वांत मोठा दाखला आपल्याच मातीतला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे एक गृहस्थ राज्याच्या जमाखर्चाचे दप्तर सांभाळीत होते. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबांच्या वेळी दक्षिणेत उतरलेले. स्वतः शार्ङ्गदेवांना वैद्यकाचेही ज्ञान होते. त्यांनी लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ आजतागायत संगीतशास्त्राचा आधारस्तंभ मानला जातो, आणि त्याची सुरुवात स्वराने होत नाही, शरीराने होते. गर्भ कसा घडतो, अस्थी किती, स्नायू किती, नाड्या कोठून कोठे जातात, चक्रे कोणती, हे सर्व सांगून झाल्यावरच शार्ङ्गदेव स्वराकडे वळतात. कारण त्यांच्या मते नाद आकाशातून पडत नाही, तो या हाडामांसाच्या पिंडात उठतो. पुढे वाद्याध्यायात ते एकतंत्री वीणेचे वर्णन करतात. खैराच्या लाकडाचा दंड, भोपळा, घोडीवरची धातूची पत्रिका, पत्रिका आणि तार यांच्यामध्ये घालायची वेळूची एक चिपाटी, जिला ते जीवा म्हणतात आणि जी आजच्या जवारीच्या धाग्याची पूर्वज दिसते. आणि तार, ती स्नायूची, गुळगुळीत आणि सर्वत्र सारखी. म्हणजे जनावराच्या देहातून काढलेली.

आणि याच वीणेच्या अवयवांत शार्ङ्गदेव देवता बसवतात. दंड हा शंभू. तंत्री ही उमा. घोडीपाशी विष्णू, पत्रिकेत लक्ष्मी, तुंब्यात ब्रह्मा, नाभीच्या ठिकाणी सरस्वती, बांधणीच्या दोऱ्यात वासुकी, आणि जीवेत चंद्र. या वीणेचे दर्शन व स्पर्श भोग, स्वर्ग आणि मोक्ष देणारे असून ब्रह्महत्येसारख्या महापातकाने पतित झालेल्यालाही ते पावन करतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. साक्षात जगदंबेचे अधिष्ठान या राजमान्य, शास्त्रनिपुण, वैद्यकुलातील ब्राह्मणाने मेलेल्या पशूच्या स्नायूत सांगितले आणि त्याच स्नायूच्या स्पर्शाने महापातक जाते असे लिहिले. त्यासाठी कोठे शुद्धीकरणाचा विधी सांगितला नाही की क्षमायाचना केली नाही. याच ग्रंथातील किन्नरी वीणेला लोखंडाची तार सांगितली आहे आणि तिच्या पडद्यांसाठी गिधाडाच्या हाडाचा उपयोग सांगितला आहे. तेव्हा शार्ङ्गदेवांना धातूची तार ठाऊक नव्हती म्हणून त्यांनी नाइलाजाने स्नायू घेतला, असेही म्हणण्याची सोय नाही. त्यांच्यापुढे निवड होती, आणि ती त्यांनी कानाच्या हुकुमाने केली.

त्याच शतकाच्या अखेरीस, शके १२१२ मध्ये, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'चा आरंभ शिव आणि शक्ती यांच्या अभिन्नतेने केला. दंडावाचून तार म्हणजे नुसता सैल तंतू, तारेवाचून दंड म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा. ताण जो निर्माण होतो तो दोघांच्या मध्ये, आणि नादही तेथेच. शार्ङ्गदेवांच्या वीणेतील शंभू आणि उमा यांचा संबंध यापेक्षा वेगळा नाही. ज्या महाराष्ट्रात या दोन्ही वाक्प्रवाहांची उगमस्थाने एका शतकाच्या अंतराच्या आत आहेत, तेथे द्रव्याला तुच्छ मानून केवळ भावाचा जयजयकार करणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि संतांच्या अनुभवालाही नाही.

इतर देशांतही विचारवंतांनी तारेच्या द्रव्याला तत्त्वज्ञानाचा विषय मानले आहे. नवव्या शतकात बगदादेत अल-किंदी याने ऊद या वाद्याच्या चार तारांची देहातील चार धातूंशी सांगड घातली, आणि खालच्या सुरांच्या दोन तारा आतड्याच्या व वरच्या दोन रेशमाच्या असाव्यात असे सांगितले. रेशीम म्हणजे निरुपद्रवी पदार्थ अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी कोश कसा उकळतात हे आठवावे. युरोपातील ल्यूट हे ऊदचेच वंशज, आणि त्याच्या तारा शतकानुशतके मेंढीच्या आतड्याच्या असत. त्या तारांचे ताण, लांबी आणि जाडी यांचे नियम १६३६ साली ज्याने ग्रंथित केले तो मारँ मेर्सेन हा फ्रेंच विद्वान मिनिम पंथाचा संन्यासी होता. आणि त्या पंथाच्या संन्याशांना मांसच काय, अंडी आणि दूधदुभतेही आजन्म वर्ज्य असते. आपल्या माळकऱ्याहूनही कडक व्रत पाळणारा हा पुरुष आतड्याच्या तारा मोजण्यात आयुष्याची वर्षे घालवीत होता. माळकरी आणि मृदंग यांच्यातील जो पेच आपल्याला आपल्याच मांडवातला वाटतो, तो असा जगभर पसरलेला आहे.

या पेचातून सुटण्याची वाट मला अशी दिसते की, ज्याला आपण एक प्रश्न समजतो ते वस्तुतः दोन प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच आपली बुद्धी कुंठित होते. एक प्रश्न विटाळाचा आणि दुसरा हिंसेचा. विटाळाचा प्रश्न पदार्थाविषयी असतो: ही वस्तू स्वभावतःच अपवित्र आहे काय? हिंसेचा प्रश्न कृतीविषयी असतो: ही वस्तू मिळवताना कोणाचा जीव गेला, आणि त्यात माझा वाटा किती? यांतील पहिला प्रश्न, माझ्या मते, खोटा आहे. गाणाराच्या कंठात जे पडदे कंप पावून नामाचा उच्चार करतात, तेही मांसाचेच आहेत. हरिनामाला मिळालेली पहिली तार स्नायूचीच आहे, आणि ती देवाने स्वतः चढवलेली आहे. देहधातूला अमंगळ म्हणणाऱ्याने आधी तोंड मिटले पाहिजे.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो कितीही गैरसोयीचा असला तरी त्याला उत्तर दिले पाहिजे. मृदंगाच्या पुड्या बकऱ्याच्या कातड्याच्या असतात, त्या ज्या पट्ट्यांनी आवळायच्या त्याही चामड्याच्या. धुम्यावर, म्हणजे खर्जाच्या तोंडावर, कणीक आणि दुसऱ्या तोंडावर शाई चढते, पण बोलते ते कातडे. मृदंगासाठी म्हणून कोणी बकरा कापीत नाही, हे खरे आहे. परंतु खाटकाच्या हिशेबात कातड्याची किंमत धरलेली असते, हेही खरे आहे. जैन शास्त्रकारांनी द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो: मृदंग्याच्या मनात कोणाला मारण्याचा संकल्प नाही, म्हणून भावहिंसा नाही, पण घडलेल्या द्रव्यहिंसेच्या फळावर त्याचे बोट पडते आहे, हे त्याने नाकबूल करू नये. कबुली दिल्याने भजन अशुद्ध होत नाही. कबुली न देता शुद्धतेचा आव आणल्याने मात्र ते होते.

या कसोटीवर वीणेचा निकाल सरळ लागतो. वीणेला जो सूर हवा तो पोलाद आणि पितळ यांच्यावर उत्तम निघतो. तेव्हा तेथे तात वापरणे अनावश्यक, आणि अनावश्यक हिंसेला धर्मात मुभा नाही. आपल्या पूर्वजांनी केवळ अहिंसेच्या प्रेरणेने धातू निवडला, असा दावा मी करणार नाही. वारी पावसात चालते. आतड्याची तार दमट हवेत फुगते, सूर सोडते आणि लवकर कुजते, आणि आषाढातील पंढरीच्या वाटेवर ती टिकली नसती. योग्यता आणि दया यांनी येथे एकच उत्तर दिले, हे आपले भाग्य. मृदंगाच्या बाबतीत ती दोन अद्याप एकत्र आलेली नाहीत. कातड्याशिवाय तो बोल निघत नाही, निदान आज तरी निघत नाही. नायलॉनचा शोध गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गिटारसारख्या वाद्यांवर त्याने तातेची जागा घेतली. आपल्या जवारीच्या घोडीवर त्याचा सूर पोलादासारखा उमलत नाही, म्हणून वीणेला त्याचा उपयोग नाही, परंतु उद्या एखाद्या कारागिराने कृत्रिम पुडीतून अस्सल मृदंगाचा बोल काढून दाखवला, तर परंपरेच्या नावाखाली त्याला विरोध करणे हे माळकऱ्याला शोभणार नाही. सारंगीला मात्र तातच लागते, आणि ती वाजवणाऱ्याला आपण पापी म्हणण्याचे काही कारण नाही. त्याने आपल्या वाद्याचे ऋण ओळखावे, एवढेच.

विटाळाचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हटले. तो नुसता खोटा असता तर त्याला सोडून देता आले असते. पण त्याने माणसांचे वाटोळे केले आहे, म्हणून त्याच्याविषयी अधिक बोलणे भाग आहे. शतकानुशतके आपल्या देवळांत कातड्याला प्रवेश होता आणि कातडे कमावणाऱ्याला नव्हता. ज्याने मेलेले जनावर ओढून नेले, सोलले, कातडे भिजवले, कमावले, वाद्या कापल्या, त्याच्या हातचा पदार्थ सभामंडपात गरुडखांबाजवळ घुमत होता, आणि तो स्वतः महाद्वाराबाहेर उभा होता. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराशीच आहे. पदार्थ शुद्ध करून घेता येतो पण मनुष्य शुद्ध करून घेता येत नाही, या विचाराइतका नादब्रह्माचा अपमान दुसरा नसेल. आणि हा अपमान ज्या मुखांनी केला, त्याच मुखांनी अभंग गाइले जात होते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण सुरू केले, आणि १० मे रोजी ते सुटले. टेंभुर्णीहून जी वाट पंढरपुरास जाते, तिच्या टोकाला घडलेली ही गोष्ट आहे. ती घडून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. मंदिराचे दार त्यानंतर उघडले. मनातील दार किती उघडले, हे ज्याचे त्याने तपासावे.

वीणेची गोष्टही अशीच आहे, फक्त तिच्यातील अन्याय इतका उघडा नाही. टेंभुर्णीच्या मांडवातील वीणा बहुतेक मिरजेची असते किंवा मिरजेच्या वळणाची असते. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने, शस्त्रांची कामे मंदावल्यावर, तंबोरे आणि सतारी करण्याचा उद्योग आरंभला. तेव्हापासून त्या घराण्यांतील मुसलमान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीला धार देणाऱ्या हातांनी तारेला जवारी दिली, यात मला मोठा आशय दिसतो. आणि त्या तंबोऱ्याचा भोपळा कोठला? तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमेच्या काठच्या शेतांतला; चवीला कडू, खाण्याच्या कामाचा नाही, फक्त नादाच्या कामाचा. म्हणजे भीमाकाठच्या शेतकऱ्याने पिकवलेले फळ मिरजेला जाते, तेथे मुसलमान कारागिराच्या हाताखाली वीणा होते, आणि पुन्हा भीमेच्या काठी येऊन विठ्ठलाच्या नामाला षड्ज देते. जो कोणी या वीणेची शुचिता तपासू पाहील, त्याने या सर्व हातांची रुजुवात घ्यावी आणि त्यांतील कोणता हात त्याला वगळता येतो ते सांगावे.

म्हणून माझा निर्णय असा: तार निवडताना प्रथम कानाला विचारावे, नंतर करुणेला, आणि विटाळाला मुळीच विचारू नये. कानाला विचारणे म्हणजे देवापुढे ठेवायचा नाद आपल्या शक्तीप्रमाणे निर्दोष असावा यासाठी द्रव्याच्या स्वभावाचा अभ्यास करणे; तो अभ्यास हाही उपासनेचाच भाग आहे, आणि ज्या विणेकऱ्याला आपल्या चार तारांची जाडी आणि जात ठाऊक नाही त्याची उपासना त्या मानाने उणी आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. करुणेला विचारणे म्हणजे जेथे जीव न घेता काम होते तेथे जीव न घेणे, आणि जेथे होत नाही तेथे घेतलेल्या जिवाचे स्मरण ठेवणे. देवापुढे निष्कलंक वाद्य नेता येत नाही. ऋण ओळखलेले वाद्य नेता येते, आणि शार्ङ्गदेवांची उमा अशाच तारेत बसली होती.

टेंभुर्णी आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरील भजनी मंडळांना माझी विनंती आहे. मंडळाच्या पेटीत चांगल्या पोलादी आणि पितळी तारांचा एक जादा जोड नेहमी असू द्यावा, तो तेल लावून कागदात गुंडाळून ठेवावा म्हणजे पावसाळ्यात गंजणार नाही, आणि तार चढवण्याचे काम गावातील दोन तरुणांना तरी शिकवून ठेवावे. तसेच सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला ज्याने मृदंग मढवला त्याला आणि ज्याने वीणेची जवारी काढली त्याला, तो कोणत्याही जातीचा आणि धर्माचा असो, आगाऊ निरोप पाठवून मानाने बोलवावे, नारळ आणि प्रसाद त्यांच्या हाती द्यावा, आणि त्यांची इच्छा असेल तर एक पहारा त्यांच्या गळ्यात वीणा घालावी.